न दिसलेले वाघ मोजता येतात!

पाचशे सहा वाघ! एकाही कॅमेऱ्यात न आलेले, ज्यांचा साधा शेपटीचा फोटोही नाही असे, आणि तरीही मोजलेले 506 वाघ! हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाही. भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आणि आता तुमची पाळी. या, बसा, कागद-पेन्सिल घ्या. गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागणार नाही, शब्द देते!

आधीच सांगून ठेवते, मी संख्याशास्त्र शिकलेले नाही आणि जंगलातली जाणकार तर मुळीच नाही. पण ही गोष्ट इतकी सोपी आणि इतकी अफाट आहे की जाणकार होईपर्यंत थांबणं मला शक्य नाही.

तर ऐका. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभरातल्या जंगलांत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. फोटो किती निघाले असतील? 3 कोटी 48 लाखांहून जास्त! त्यात वाघांचे किती? 76,651! म्हणजे साधारण साडेचारशे फोटो बघावे तेव्हा एका फोटोत वाघ! आणि मग त्या 76,651 फोटोंतून एकेक वाघ ओळखून वेगळा काढला, एकच वाघ दहा फोटोंत असेल तर तो एकदाच धरला, आणि शेवटी बछडे सोडून 2,461 वेगवेगळे वाघ हाती लागले.

पण जाहीर झालेला आकडा होता 2,967!

वजाबाकी करा. 506! हे आले कुठून? कोणी पाहिले? कोणीच नाही! मग मोजले कसे?

ओळखतात कसं, ते आधी बघा, कारण सगळा खेळ त्यावर उभा आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण एकाच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, हे ऐकलं होतंत? मी नव्हतं ऐकलं! नुसत्या डाव्या बाजूचा एक फोटो आणि नुसत्या उजव्या बाजूचा दुसरा फोटो हाती आला तर तो एक वाघ की दोन, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशी एकदम! किती साधी युक्ती!

आता पेन्सिल उचला. एक जंगल घेऊ, आपलं कागदावरचं. कॅमेऱ्यांच्या पहिल्या फेरीत 30 वाघ दिसले. त्यांच्या पट्ट्यांची नोंद केली. काही दिवसांनी दुसरी फेरी. या वेळी 24 वाघ दिसले. आणि मग आपण ते पट्टे जुन्या फोटोंशी ताडून पाहतो, आणि कळतं की या 24 मधले 18 आपले जुनेच ओळखीचे आहेत. सहा नवे.

किती वाघ पाहिले एकूण? तीस अधिक सहा, 36. पण जंगलात किती आहेत?

दुसऱ्या फेरीतल्या 24 मधले 18 ओळखीचे, म्हणजे पाऊण हिस्सा. जो दिसेल तो योगायोगाने दिसला असेल, तर हा पाऊण हिस्सा सबंध जंगलाचाही असणार. म्हणजे आपले पहिले 30 वाघ हे जंगलाच्या पाऊणपट. मग पूर्ण जंगल किती? 40! पाहिले 36, आहेत 40. चार वाघ आपल्याला कधीच दिसले नाहीत आणि आपण ते मोजले!!

थांबा, अजून गंमत आहे. हेच दुसऱ्या बाजूने करून बघा. 40 वाघांपैकी पहिल्या फेरीत 10 निसटले, म्हणजे निसटण्याची संभाव्यता एक चतुर्थांश. दुसऱ्या फेरीत 16 निसटले, म्हणजे दोन पंचमांश. दोन्ही वेळा निसटण्याची संभाव्यता? दोन्ही फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर सरळ गुणाकार: एक दशांश. चाळीसचा एक दशांश किती? चार! तेच चार! मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुन्हा करून पाहिलं, मग घरातल्यांना बोलावून त्यांच्यासमोर करून दाखवलं. संभाव्यतेचा तो पुस्तकातला गुणाकाराचा नियम, नाणी आणि फासे सोडून असा जंगलात वाघ मोजत हिंडत असेल, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!

तुम्ही म्हणाल, 40 च कशावरून? 36 च असतील, दिसले तेवढेच! विचारा, विचारायलाच हवं. समजा 36 च आहेत. मग पहिल्या फेरीनंतर अनोळखी उरले फक्त सहा, आणि दुसऱ्या फेरीत ते सहाच्या सहा, एकही न निसटता, कॅमेऱ्यासमोर आले! घडू शकतं, पण केवढा योगायोग मानावा लागतो. बरं, 100 आहेत म्हणू. मग ओळखीचे 100 मध्ये 30, आणि 24 च्या दुसऱ्या फेरीत ओळखीचे सात-आठच निघायला हवेत. आपल्याला तर 18 मिळाले! म्हणजे 100 ही नाही. असं दोन्हीकडून चेपत चेपत गेलं की जिथे ‘हे घडणं सगळ्यात स्वाभाविक’ वाटतं तिथे आपण 40 शी येऊन थांबतो. संख्याशास्त्रात याला महत्तम संभाव्यतेची पद्धत म्हणतात म्हणे. नाव जड आहे, पण करणी बघा कशी हलकी!

आता स्वयंपाकघरात चला. राजमाचा डबा काढा. मूठभर दाणे घ्या, मोजा, पेनने ठिपका द्या, परत डब्यात टाका, झाकण लावून खूप हलवा. आणि मग दुसरी मूठ काढा, त्यात ठिपकेवाले किती ते बघा, आणि मग तोच गुणाकार, तोच भागाकार, आणि मग सगळा डबा ताटात ओतून खरोखर मोजा. जवळ येतं! अगदी तंतोतंत नाही, पण जवळ! पुन्हा करा. उत्तर बदलतं! कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त, पण खऱ्या आकड्याच्या आसपासच घुटमळतं. आणि हे घुटमळणं किती, तेही आधीच हिशोबाने सांगता येतं! त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात. उत्तर तर सांगायचंच, पण ते कितपत चुकू शकतं हेही सोबत सांगायचं. इतका प्रामाणिक हिशोब दुसरा कुठे पाहिलाय तुम्ही?

दाणे कमी घेतले तर काय होतं तेही बघा. दोन्ही वेळा दहा-दहाच घेतले आणि दोन ओळखीचे निघाले, तर उत्तर 50. तीन निघाले तर 33. एकच निघाला तर 100! एका दाण्याने 50 चे 100! म्हणून तर हजारो कॅमेरे लावायचे, म्हणून तर कोट्यवधी फोटो! आणि एकही ओळखीचा निघाला नाही तर? शून्याने भागाकार, गणित तिथेच ठप्प. त्यावरही 1951 साली चॅपमन नावाच्या संशोधकाने तोड काढली: प्रत्येक आकड्यात एक मिळवा, गुणा, भागा, शेवटी एक वजा करा. आपल्या जंगलाचं उत्तर 40 ऐवजी 39.8 येतं आणि शून्याची भीती जाते. एक मिळवला आणि काम झालं!

म्हणूनच 2018 च्या अहवालात 2,967 सोबत 2,603 ते 3,346 असा पट्टाही छापलेला आहे. वाचा तो पट्टा! बातम्यांत येतो एकच आकडा, पण खरी माहिती या पट्ट्यात आहे. आपल्या महाराष्ट्राचे वाघ 2006 मध्ये 103 आणि 2022 मध्ये 444. वाचून छाती भरून येते, आणि आता मी लगेच विचारते, ‘बरं, किती ते किती?’ तुम्हीही विचारा!

खऱ्या गणनेचं गणित माझ्या 40 वाघांपेक्षा खूप पुढचं आहे. कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यापाशी दिसला, तो किती लांब फिरतो, हे सगळं त्यात धरतात, आणि जिथे कॅमेरे नाहीत त्या जंगलांचा अंदाज पाऊलखुणा, सावज आणि झाडोऱ्यावरून बांधतात. ते 506 या सगळ्यातून आलेले आहेत. पण पाया तोच आहे: पुन्हा दिसलेल्यांवरून न दिसलेले!

आणि अटी आहेत बरं का, त्या विसरून चालत नाही. दोन फेऱ्यांच्या मधे कोणी जन्मता, मरता किंवा बाहेरून येता कामा नये, म्हणून गणना थोड्या आठवड्यांत उरकायची. एखादा वाघ कॅमेऱ्याच्या झोताने बिचकून ती वाट टाळू लागला तर ओळखीचे कमी दिसतील आणि उत्तर फुगेल. उलट काही वाघ रोज त्याच वाटेने जाणारे आणि काही कधीच न फिरकणारे असतील, तर तेच तेच पुन्हा दिसतील आणि उत्तर आक्रसेल. आणि पट्टे जुळवताना चूक झाली तर? 18 ऐवजी 12 च ओळखले गेले असं धरा. 30 गुणिले 24 भागिले 12. किती? 60! सहा ओळखी हुकल्या आणि जंगलात वीस वाघ हवेतून अवतरले! पट्टे ताडून पाहणाऱ्या त्या माणसांच्या डोळ्यांवर आणि संगणकावर केवढं अवलंबून आहे बघा!

यापूर्वी वाघ मोजायचे ते पाऊलठशांवरून. ओडिशाचे सरोज राज चौधरी यांनी ती पद्धत बसवली आणि 1972 ची पहिली देशव्यापी गणना तिच्यावरच झाली. चिकाटीचं काम, पायी फिरून केलेलं. पण एकाच पंजाचा ठसा चिखलात वेगळा, वाळूत वेगळा उमटतो, आणि मुख्य म्हणजे त्या हिशोबात न दिसलेल्या वाघाला जागाच नव्हती. सापडले तेवढे आहेत, असंच धरायचं! राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एकही वाघ उरला नसल्याचं 2005 मध्ये उघड झालं आणि मोजण्याची रीत बदलणं भाग पडलं. नवी रीत तयार होती, कारण उल्लास कारंत, कन्नड लेखक शिवराम कारंत यांचे चिरंजीव, यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावून हे गणित वाघांवर करून दाखवलं होतं. त्यांचा शोधनिबंध 1995 चा!

आणि कारंतांच्या मागे कोण? 1930 मध्ये अमेरिकेत बदकांच्या पायात कडी घालणारे लिंकन. त्यांच्या मागे? 1896 मध्ये माशांना खुणा करणारे डेन्मार्कचे पीटरसन. आणि त्यांच्याही मागे? लाप्लास! 1802! फ्रान्सची लोकसंख्या मोजायला त्यांनी काय केलं माहीत आहे? जन्मांच्या नोंदी देशभर होत्याच. मग निवडक गावांतली माणसं मोजली, सुमारे 20 लाख, आणि पाहिलं की वर्षाच्या एका जन्मामागे 28 हून थोडी जास्त माणसं पडतात. देशात वर्षाला जन्म सुमारे 10 लाख, म्हणून माणसं सुमारे 2 कोटी 83 लाख! जन्माची नोंद हाच त्यांचा ठिपका!

पण माझं मन जिथे सगळ्यात जास्त गुंतलं ती जागा आपल्याकडची आहे. कलकत्त्याजवळचं सिंगूर. 1949 साली सी. चंद्रशेखर आणि अमेरिकेचे डेमिंग यांनी एक शोधनिबंध लिहिला. प्रश्न असा: सिंगूर भागात जन्म-मृत्यू किती होतात? एक यादी सरकारी निबंधकाची, दुसरी घरोघर जाऊन केलेली. दोन्हींत गळती! मग त्यांनी दोन याद्या ताडून पाहिल्या. फक्त पहिलीत असलेली नावं गुणिले फक्त दुसरीत असलेली नावं, भागिले दोन्हींत असलेली. आमच्या वाघांवर करून बघा: 12 गुणिले 6 भागिले 18. चार! तेच चार!! आणि मग माझ्या लक्षात आलं की इथे ते चार म्हणजे वाघ नाहीत, ती बाळं आहेत, जन्मली पण कोणत्याच कागदावर आली नाहीत अशी. ज्यांची दखल कोणीच घेतली नाही त्यांच्यासाठी या एका भागाकाराने जागा ठेवली! लस किती लागेल, दाया किती लागतील, हे ठरवताना ती बाळंही हिशोबात धरता येतात. मला गणित इतकं मायाळू असू शकतं हे माहीत नव्हतं!

आता तुम्हाला काम देते. एखादं छापील पान घ्या, त्याची एक प्रत शेजाऱ्यांना द्या, दोघांनी एकमेकांना न विचारता छपाईच्या चुका शोधा. तुम्हाला 10 सापडल्या, त्यांना 8, आणि त्यातल्या 5 दोघांनाही सापडल्या असं समजा. गुणा, भागा: 16. दोघांनी मिळून पाहिल्या 13. म्हणजे अजून सुमारे तीन चुका त्या पानावर दबा धरून बसल्या आहेत! शोधा आणि मला कळवा, मी वाट बघते!