वाट पाहण्याचे दिवस

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की मालवणच्या किनाऱ्याचे रूप पालटते. समुद्र गढूळ होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात. मासेमारीच्या नौका वाळूवर ओढून झाकून ठेवल्या जातात. समुद्र शांत होईपर्यंत वाट पाहण्यावाचून माणसांच्या हाती काही उरत नाही.

२०२४ सालच्या जून महिन्यात देवबाग गावातील एक बारा वर्षांची मुलगी अशीच वाट पाहत होती; पण ती समुद्राची नव्हे, एका चित्रपटाची. 'इनसाइड आउट' या अमेरिकन ॲनिमेशनपटाचा दुसरा भाग त्या महिन्यात प्रदर्शित झाला होता. तो पाहण्यासाठी रविवारी पणजीला जायचे, असे ताईने ठरविले होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलगी रोज एकेक दिवस खोडत होती.

२०१५ साली निघालेला पहिला भाग दोघी बहिणींनी मोबाईलच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिला होता. त्यातील रायली ही अकरा वर्षांची मुलगी आपले गाव सोडून दूरच्या शहरात राहावयास जाते. आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस ही पाच पात्रे तिच्या मनात नांदत असतात. आनंद दुःखाला जमिनीवर आखलेल्या वर्तुळात उभे करतो आणि तेथून हलू नकोस, असे बजावतो. पण रायलीला अखेर आईवडिलांच्या कुशीत आणते ते दुःखच! पीट डॉक्टर या दिग्दर्शकाची स्वतःची मुलगी अकरा वर्षांची झाली आणि अबोल होऊ लागली. तिच्या मनात काय चालले असेल, या विचारातून ही कथा जन्मली. दुसऱ्या भागात रायली तेरा वर्षांची होते आणि तिच्या मनात चिंता नावाची नवी पाहुणी येते.

रविवार जवळ येऊ लागला, तशी देवबागच्या मुलीची दिवस खोडण्याची हौस मात्र ओसरू लागली. सोमवारी कुडाळहून रेल्वेने ताई परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुंबईस जाणार होती. एक आवडता दिवस जवळ आणावा, तर नावडता दिवसही त्याच्या मागोमाग पुढे सरकत होता. ताई काही विचारू लागली की ती उगाच खेकसे. एका सायंकाळी तर "मला नाही यायचे चित्रपटाला!" असे म्हणून ती पडवीत जाऊन बसली.

आजी तेथे वाती वळीत बसली होती. तिने नातीला रागावण्याऐवजी आपल्या लहानपणची गोष्ट सांगितली. कुडाळजवळच्या पिंगुळी गावचे ठाकर कलावंत देवळात चित्रकथी सादर करीत. पोथीतले एकेक चित्र समोर धरून, वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर रामायणातील कथा ते गाऊन सांगत. २०२१ साली याच गावच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री लाभली, ती ही कला जपल्याबद्दलच. सीता वनवासास निघाली, की आजीच्या डोळ्यांना धारा लागत. तरीही पुढच्या खेळाची ती आतुरतेने वाट पाही.

"पण आजी, ती चित्रे हलत नव्हती ना?" नातीने विचारले. चित्रपटात एका सेकंदात २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात, हे तिला ठाऊक होते.

आजी हसली. "चित्रां खंय हलत होती गो? हलायचां तां आमचां मन!"

मुलगी बराच वेळ पाऊस पाहत राहिली. आपणही आपल्या दुःखाला वर्तुळात कोंडून ठेवले आहे, हे तिच्या ध्यानात आले. रागाचे सोंग घेऊन तेच बाहेर डोकावत होते. ती उठली आणि घरात गेली. ताई पेटी भरीत होती. तिच्या खांद्यावर डोके टेकून ती हळूच म्हणाली, "ताई, तू जातलस म्हणान माका रडाक येता."

ताईच्या हातातील घडी तशीच राहिली. तिचेही डोळे भरून आले होते.

रविवारी पहाटे दोघी भर पावसात घराबाहेर पडल्या. सोमवार काही टळला नव्हता. पण आता तो एकटीने सोसावयाचा नव्हता. गाडी पणजीच्या वाटेस लागली, तेव्हा चित्रपटाची ओढ पुन्हा पहिल्यासारखीच, किंबहुना थोडी अधिकच, तिच्या मनात जागी झाली होती.