मातीचा कौल

वाङ्मयाच्या चर्चेत 'माती' हा शब्द आम्ही फार सैलपणे वापरतो. लेखक अमुक मातीतला आहे असे म्हटले की पुढे विचार करण्याचे कारणच उरत नाही. नंदुरबारच्या आमच्या मामांना तोंडाचा कर्करोग झाला, त्या निमित्ताने शरीरशास्त्रात डोकावलो, तर तेथेही हाच शब्द भेटला. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने 1889 साली लिहिले होते, की कर्करोगाचे बी सर्वत्र उधळले जाते, पण रुजते ते अनुकूल मातीतच.

सातपुड्याच्या उतारावरची मुरमाड जमीन आणि तापीकाठची काळी, दोन्ही पाहिलेल्यांना यात नवल नाही. नवल पुढे आहे. गाठ स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढू शकली नाही, तर ती एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, असे ज्युडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडले. या वाहिन्यांना बोलावणाऱ्या 'व्हीईजीएफ' प्रथिनाचा काही साठा पेशींभोवतीच्या जाळीत अडकलेला असतो. विकरे ती जाळी कुरतडतात आणि तो मोकळा होतो. मात्र त्याच जाळीतील एका कोलॅजेनचा तुकडा, एंडोस्टॅटिन, वाहिन्यांची वाढ रोखतो. फोकमन यांच्याच प्रयोगशाळेने तो 1997 मध्ये उजेडात आणला. पोसणारे आणि आवरणारे, दोघेही एकाच मातीतले.

"शेत आपलंच, मग ते त्याला पाणी का पाजतं?" मामा विचारीत. आवरणाऱ्याची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाले, "मग त्याला खत घाला की!"

दुखणे बरे होण्यापलीकडे गेल्यावर मुंबईच्या टाटा रुग्णालयातून त्यांना गोळ्या मिळाल्या: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब. अल्प मात्रा सातत्याने देऊन गाठीची रसद तोडावी, हा त्यामागचा एक विचार. डोके-मानेच्या अशाच कर्करोगाच्या 422 रुग्णांवर टाटाने केलेली चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. तीत गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान 7.5 महिने भरले, तर दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे 6.1.

फरक दीड महिन्याचाही नाही. परंतु माती केवळ घडवीत नाही, ती अडवतेही, आणि अडवण्याचे मोल असे महिन्यांत मोजावे लागते, हे आम्हांस कोणत्याही समीक्षाग्रंथाने शिकविले नव्हते. तेवढ्या अवधीत मामांनी मिरचीच्या पथाऱ्या आणखी एकदा लाल झालेल्या पाहिल्या.