उतरलेले पाणी

आमच्या चिरंजीवांना डोंगरावरून सायकल खाली सोडण्याचे वेड लागले, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात हे आले कोठून, असे सहकाऱ्यांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमची स्वतःची सायकल आयुष्यभर घर आणि महाविद्यालय यांच्यामध्येच फिरली. पण पुण्याहून आणलेल्या त्या वापरलेल्या 'डाउनहिल' सायकलीमुळे छावणीतल्या एका वृद्ध मिस्त्रींची ओळख झाली, आणि पन्नाशीकडे झुकताना आम्हांला एक धडा मिळाला.

सायकल प्रथम पाहताच मिस्त्री हसले. "सर, हा तर दूधवाल्याचा डबल चिमटा!" पुढचे चाक धरणाऱ्या भागाला इंग्रजीत फोर्क म्हणतात, आपल्याकडे तो चिमटा. कॅन लादणाऱ्या गवळ्यांच्या सायकलींना जादा नळ्या लावून जसा चिमटा बळकट करतात, तशाच या सायकलीच्या दोन्ही नळ्या वरपर्यंत जाऊन हँडलखाली पुन्हा एकदा जखडलेल्या होत्या. फरक आत होता. एका नळीत हवेचा दाब, दुसरीत तेल. चाक दगडावर आदळले की चिमटा २०० मिलिमीटरपर्यंत दबतो. हवा बसलेला धक्का परत फेकू पाहते. तेल बारीक छिद्रांतून जाताना त्या धक्क्याची उष्णता करून टाकते. तेल नसेल तर सायकल चेंडूसारखी उसळेल.

सुमारे ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्या उतरवून तेल बदलावे, असे उत्पादक सांगतात. मिस्त्रींच्या मते आपल्या धुळीत त्याआधीच. देखभालीचे हे झेंगट या खेळाच्या पाचवीलाच पुजलेले दिसते. कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात १९७६ साली तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर अशा शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि उतार संपला की ते नव्याने भरावे लागे. त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले.

गेल्या पावसाळ्यानंतर सायकल पुसताना, फ्रेमच्या पुढच्या जोडाशी आम्हांला केसाएवढी भेग दिसली. नव्या फ्रेमची किंमत विचारली आणि गप्प बसलो. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला; तेव्हापासून वेल्डिंगच्या जाणकारांची या शहराला वाण नाही. मुलाला न सांगता एकाकडून भेग भरून घेतली, वर रंग मारला. पुढचे दोन रविवार तो त्याच फ्रेमवर गोगाबाबा टेकडी उतरला. आम्ही पायथ्याशी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

मग चिमट्याचे तेल बदलायला सायकल छावणीत नेली. मिस्त्रींनी आधी हवा सोडली, तळाचे बोल्ट सैल करून त्यांवर रबरी हातोडीने हलके ठोके दिले, थाळीत काळे तेल निथळू दिले. सील बदलले, फोमच्या कड्या नव्या तेलात भिजवल्या. आणि फ्रेम पुसता पुसता त्यांचा अंगठा त्या रंगावर थांबला. नखाने त्यांनी तो खरवडला.

"हे कुणी केलं, सर?"

आम्ही उत्तर दिले नाही.

"लोखंड असतं तर मीच जोडून दिलं असतं. हे अल्युमिनियम. याचं पाणी उतरलं."

विळ्याला लोहार पाणी देतो, हे आम्ही वाक्प्रचार म्हणून वर्गात शिकवत आलो. ते अल्युमिनियमलाही द्यावे लागते, हे ठाऊक नव्हते. अशा फ्रेमसाठी पुष्कळदा वापरली जाणारी ६०६१ ही मिश्रधातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून विझवतात, मग मंद आचेवर काही तास मुरू देतात; तेव्हा तिला बळ येते. वेल्डिंगच्या आचेने जोडाजवळचे ते बळ जाते, आणि सगळी फ्रेम पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय परत येत नाही. शिवाय पोलाद सहसा आधी वाकते, कुरकुरते; अल्युमिनियम भेगाळले की फारशी सूचना न देता तुटते.

रात्री मुलाला सगळे सांगितले. "बाबा, भेग होती हे तुम्हाला माहीत होतं?" एवढेच त्याने विचारले. किंमतीचे कारण आमच्या ओठांवर आले होते. ते गिळून "हो" म्हणालो. चार दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

फ्रेम भंगारात द्यायचीही मिस्त्रींनी मनाई केली होती. कोणीतरी उचलून पुन्हा रंगवील, असे त्यांचे म्हणणे. पाचव्या दिवशी मुलगा करवत घेऊन अंगणात आला. चिमटा त्याने आधीच उतरवून, फडक्यात गुंडाळून ठेवला होता. फ्रेम आम्ही दोन्ही हातांनी धरली आणि त्याने कापली.