पाच इंच सात सूत

माजघरातलं फडताळ दुरुस्त करायला सुतारकाका आले, तेव्हा मी पाचवीत होते. त्यांनी एक पट्टी मोजली आणि म्हणाले, "अडीच." दुसरी मोजली, "तीन इंच तीन सूत." मग कानावरची पेन्सिल काढून फळीवर खूण करता करता स्वतःशीच पुटपुटले, "पाच सात."

मी शेजारीच वही घेऊन बसले होते. त्याच आठवड्यात शाळेत पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली होती. अडीच अधिक एक पूर्णांक एक तृतीयांश, याचं माझं उत्तर होतं तीन पूर्णांक दोन पंचमांश. मी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून मोकळी झाले होते. त्यावर लाल फुली पडली होती. का, ते कोणी सांगितलं नव्हतं.

"काका, इतक्या पटकन कसं जमलं?"

"अगं, अडीच म्हणजे दोन इंच चार सूत. चार न् तीन सात."

इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. अर्ध्या इंचाला काकांनी आधी सुतात बोलतं केलं आणि मग मोजलं. समच्छेद हा शब्द त्यांनी कधी ऐकला असेल असं वाटत नाही. पण तो त्यांच्या बोटांत होता.

माझी चूक किती मोठी होती, ते त्या दुपारी भाकरीने दाखवलं. अर्धी भाकरी घेतली, तिला आणखी एका भाकरीचा तिसरा हिस्सा जोडला. माझ्या वहीप्रमाणे हे सगळं मिळून दोन पंचमांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी! भर घातली आणि भाकरी घटली. मग दोन्हींचे सारखे तुकडे केले, अख्ख्या भाकरीचे सहा होतील एवढे. अर्धीत तीन निघाले, तिसऱ्या हिश्शात दोन. सहातले पाच. तर उत्तर तीन पूर्णांक पाच षष्ठांश.

आपली भाषा पावाच्या घरात वाढलेली आहे. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. पाऊण म्हणजे पादोन, पाव कमी. दीड म्हणजे दुसरा अर्धा, अडीच म्हणजे तिसरा अर्धा, आणि साडेतीनाला जुना शब्द औट, म्हणजे चौथा अर्धा. पावकी, निमकी, औटकी पाठ असलेल्या पिढीला सव्वादोन आणि पावणेचार मिळून सहा हे सांगायला कागद लागत नसे. तिसऱ्या हिश्शाला मात्र असा घरगुती, एका घासाचा शब्द नाही. मला वाटतं, मुलं अडखळतात ती नेमकी इथे.

जुन्या रुपयाने ही अडचण किती सुंदर सोडवली होती! सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. म्हणजे रुपयात 192 पै. त्याचा अर्धा होतो, पाव होतो, आणि तिसरा हिस्सासुद्धा पैही न सांडता होतो: पाच आणे चार पै. पावणेतीन रुपयांत एक रुपया आणि रुपयाचे दोन तृतीयांश मिळवायचे, तर बारा आणे आणि दहा आणे आठ पै यांचे होतात बावीस आणे आठ पै. सोळा आण्यांचा नवा रुपया त्यातूनच उगवतो आणि उत्तर येतं चार रुपये सहा आणे आठ पै. तुकड्यांतून पूर्ण रुपया उभा राहतो तो क्षण मला आजही आवडतो. 1 एप्रिल 1957 रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. हिशोब सोपा झाला हे खरंच. पण शंभराचे तीन सारखे वाटे काही होत नाहीत.

भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लिहिलेल्या लीलावतीत पूर्णाला जोडलेला भाग तो भागानुबंध आणि पूर्णातून काढलेला भाग तो भागापवाह. सव्वा आणि पावणे हे रोजचे शब्द त्याच दोन रीतींचे. त्यात आणखी एक सूचना आहे: छेदांना सामाईक भाजक असेल तर त्याने आधी भागून घ्यावं आणि मग गुणावं. चार आणि सहा यांच्यासाठी चोवीस तुकडे करायचे कशाला, बारांत भागतं. हे काम आचार्य सुबुद्ध माणसाकडे सोपवतात. उगाच बारीक तुकडे न करणं, हीच लसाविची सारी कला.

तुमच्या घरात पाचवीतलं मूल असेल, तर लसाविची रीत सांगण्याआधी एक भाकरी त्याच्यापुढे ठेवा. शिंप्याची टेप हातात द्या, अडीच इंच कुठे येतात ते बघू द्या आणि त्यातली सुतं त्याची त्यालाच मोजू द्या.