रान आधी पायाखाली घाला

अब्बांचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली. पहिल्या वर्षी आमचे आठ एकर रान बटईने दिले होते. बटईदाराने सोडले आणि त्यानंतर "पुढच्या साली बघू" म्हणता म्हणता पाच वर्षे रान पडीक राहिले. मी शिक्षक, नोकरी दुसऱ्या तालुक्यात. धाकटा भाऊ पुण्यात. तिन्ही बहिणी आपापल्या सासरी. अम्मी माझ्याजवळ. गाव परभणी जिल्ह्यात, जमीन काळी, कसदार. अशी जमीन मोकळी सोडली की ती गप्प बसत नाही. तुम्ही काही पेरले नाही तर ती स्वतःच पेरून घेते.

गेल्या दिवाळीच्या आधी शेजारच्या काकांचा फोन आला. "मास्तर, तुमच्या रानातलं गाजरगवत माझ्या हरभऱ्यात येतंय. डुकरं तुमच्या झाडीत दिवसा झोपतात अन् रात्री माझ्या रानात जेवतात. काहीतरी करा."

त्यांचे म्हणणे खरे होते. सुट्टी लागताच मी गावी गेलो. धुऱ्यावर उभा राहिलो तर पलीकडचा आखाडा दिसेना. छातीइतके गाजरगवत, मध्ये कुंद्याचे थोंब, हरळीची गादी, जागोजागी रुई, बोरी आणि वेड्या बाभळीची पोरे. गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलेले. हे तण भारतात पहिल्यांदा पुण्यात दिसले, १९५५ च्या सुमारास. आज कुठे नाही ते सांगा.

एकाने सल्ला दिला, "उन्हाळ्यात काडी लावा, एका दिवसात साफ." पण धुऱ्याला लागून काकांची कडब्याची गंजी असते, आणि आग हद्द ओळखत नाही. शिवाय जमिनीच्या वरच्या थरात जे काही जिवंत असते तेही त्यात जळते. मग कळले की माझाच एक जुना विद्यार्थी ट्रॅक्टरला मल्चर जोडून पऱ्हाटीची आणि उसाच्या पाचटाची कुट्टी करून देतो. याच यंत्राला इंग्रजीत फ्लेल मोअर म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो. त्यावर गिअर आणि पट्ट्यांच्या जोरावर एक आडवा रूळ त्याहून वेगाने गरगरतो. रुळाला लोखंडी पाती बिजागरीसारखी लोंबती असतात. फिरताना ती ताठ होतात, गवत झोडपून त्याचा भुगा करतात आणि दगड लागला तर मागे दुमडतात. म्हणून पडीक रानात ते साध्या पात्याच्या यंत्रापेक्षा जास्त टिकते.

मी त्याला फोन करून म्हटले, "उद्या सकाळी ये."

तो म्हणाला, "येतो सर. पण आधी रान पायाखाली घाला. दगड, तार, पाईप, खड्डा, जे असेल त्यावर खूण करा. अंगठ्याएवढी काडी मशीन खाईल, मनगटाएवढी बाभूळ आधी कुऱ्हाडीने काढा. बाभळीचे काटे टायरमध्ये घुसतात."

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती केल्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या पिशवीत त्या दिवशी एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा, टाईप केलेला, तिन्ही बहिणींच्या नावांसह. माझा हिशोब असा होता: सुट्टीत सगळे गावी जमणार आहेत, रान साफ होईल, सगळ्यांना आनंद होईल, त्या आनंदात सह्या होतील. मग मी आणि भाऊ चार-चार एकर वाटून घेऊ. आमच्याकडे असेच चालते. बहिणी सह्या करतात आणि त्याला माहेर टिकवणे म्हणतात. मी स्वतःला समजावले होते की यात जबरदस्ती कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाचही भावंडे रानात उतरलो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट, तोंडाला फडके, कारण गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि काहींना दमाही लागतो. हातात काठ्या, सापासाठी. अम्मी आखाड्यावर लिंबाखाली खाटेवर बसलेल्या. मुलांना त्यांच्याजवळ बसवले आणि सक्त ताकीद दिली की यंत्र चालू असेपर्यंत इथून हलायचे नाही.

मी आणि भाऊ रान चालत होतो, पण आम्हाला काहीच आठवत नव्हते. पाईपलाईन कुठून गेली, वॉल्व्ह कुठे, काही नाही. आपा मात्र सरळ चालत होत्या. "इथं वॉल्व्ह आहे." गवत बाजूला केले, वॉल्व्ह होता. "इथं हद्दीचा दगड." दगड होता. "या बांधाला काटेरी तार होती." तार गंजून मातीत बसली होती, पण होती.

पश्चिमेच्या कोपऱ्यात बोरीचे जाळे होते. भाऊ तिकडे निघाला तशा आपा ओरडल्या, "थांब! तिथं खड्डा आहे."

"कसला खड्डा?"

"अब्बांनी विहिरीला घेतलेला. पाणी लागलं नाही, तसाच राहिला."

काठीने बोरी दाबल्या. खाली पुरुषभर खोल खड्डा, वरून गवताने झाकलेला. ट्रॅक्टरचे एक चाक त्यात गेले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. मी विचारले, "हे मला कसं माहीत नाही?"

आपा सहज म्हणाल्या, "तू तेव्हा बीएडला होतास. दुष्काळ होता. अब्बा खणायचे, आम्ही दोघी माती वर काढायचो. मजूर लावायला पैसे नव्हते. तुझी फी भरायची होती."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या खड्ड्याभोवती चार काठ्या रोवून त्यांना लाल फडके बांधत होत्या, एवढेच. माझी पिशवी खांद्यावर होती. ती मला फार जड वाटू लागली.

कोपरे मोकळे करून, बाभळी तोडून होईपर्यंत दुपार झाली. मग ट्रॅक्टर आत गेला. पोरगा कामात पक्का होता. गिअर सगळ्यात हळूचा, पण इंजिनाचे फेरे पूर्ण. पहिला हात जमिनीपासून वीतभर उंच धरला, दुसरा खाली. पाती मातीला लागू दिली नाहीत. कडेने गोल गोल आत न जाता एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत गेला. म्हणाला, "सर, गोल घेतलं की ससे मध्ये कोंडतात. त्यांना पळायला एक बाजू मोकळी ठेवायची." खरोखर दोन ससे आणि एक धामण काकांच्या धुऱ्याकडे जाताना दिसली. डुकरे तर आवाजानेच पसार झाली होती.

एवढे रान चालूनही एक तार राहिलीच. रुळात गुंडाळली गेली आणि खडखडाट झाला. त्याने पीटीओ बंद केला, इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात घातली आणि रूळ पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली. मगच हात लावला. इंजिन बंद केल्यावरही रूळ काही वेळ फिरत राहतो, घाई करणाऱ्याचे हात त्यातच जातात. एकदा मागच्या झडपेखालून दगड सुटला आणि पन्नास पावलांवर उभ्या माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर आदळला. टाकीला पोचा पडला. तिथे मूल उभे असते तर? यंत्र भाड्याने आणणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आठ एकर दिसू लागले. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, सपाट, भुग्याने झाकलेले. अम्मी खाटेवरून उठून बांधापर्यंत चालत आल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या.

जेवणानंतर मी पिशवीतला कागद काढून आपांच्या हातात दिला. म्हटले, "हा मी आणला होता. तुम्हाला दाखवून फाडायचा आहे."

त्यांनी सावकाश वाचला. म्हणाल्या, "मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं. पण तू विचारलंच नाहीस. सरळ कागद घेऊन आलास."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

मी वर्गात अपूर्णांक शिकवतो. त्या संध्याकाळी मुलांच्या वहीच्या पानावर हिशोब मांडला. सूरह निसामध्ये वाटे इतके स्पष्ट आहेत की पाचवीतल्या मुलालाही जमावे. आठ एकरांतला आठवा हिस्सा अम्मींचा, म्हणजे एक एकर. उरले सात. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन भावांचे दोन-दोन, तीन बहिणींचा एक-एक. सात. आणेवारीसुद्धा करावी लागली नाही. इतका सोपा हिशोब सहा वर्षे मांडला नव्हता, कारण मला तो मांडायचा नव्हता. भाऊ आधी थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "खड्डा माझ्या वाट्याला येऊ दे, मी बुजवतो." सगळे हसले.

आता सातबाऱ्यावर वारस म्हणून सहाही नावे लागली आहेत. रान एकत्रच करायचे आणि उत्पन्न आठ भागांत वाटायचे, असे ठरले आहे.

शेवटी शेतीचे एक सांगतो. मल्चर फिरवल्यावर तीन आठवड्यांत हरळी आणि कुंदा पुन्हा हिरवे झाले. वेड्या बाभळीच्या बुंध्यांना धुमारे फुटले. यंत्र वरचे कापते, मूळ काढत नाही. गाजरगवत तर फुलावर येण्याआधीच कापायला हवे होते, आम्ही उशीर केला. त्याचे बी आता पुढची काही वर्षे उगवत राहील. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट केली, हरळीच्या काशा उन्हात वाळू दिल्या आणि हाताने वेचल्या. वेचायला आपा आल्या होत्या. या वेळी त्या स्वतःच्या रानात आल्या होत्या.

ज्यांच्या घरी असे रान पडून असेल, त्यांनी यंत्र बोलावण्याआधी ते सगळ्यांनी मिळून एकदा पायाखाली घालावे. बहिणींना बरोबर घ्यावे. कुठे काय झाकले गेले आहे, हे बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असते.