आपला विश्वासू

इंग्रजीने मराठी मध्यमवर्गाला नोकरी दिली, पगार दिला आणि जन्मभराची एक धास्तीही दिली. मराठीत तासभर भांडणारा गृहस्थ इंग्रजीत चार ओळींचा रजेचा अर्ज लिहायला बसला, की त्याला घाम फुटतो. ‘रिसीव्ह’मध्ये आधी ‘ई’ की आधी ‘आय’, या प्रश्नापुढे भल्याभल्यांनी पेन खाली ठेवलेले मी पाहिले आहे.

दोष सगळा आपलाच नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात छापखाना घातला. पुढे छापातली स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली, उच्चार मात्र बदलत राहिले. म्हणून ‘नाइफ’मधला ‘के’ मुका झाला, तरी जागा सोडीत नाही. ‘डेट’ म्हणजे कर्ज. त्यातला ‘बी’ तर पंडितांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी मागाहून घुसडला. कर्जात काहीतरी फुकटचे वाढायचेच म्हणा!

आमच्या वाड्यात अशा संकटसमयी एक निवृत्त हेडक्लार्क उपयोगी पडत. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण सदैव त्यांच्या उशाशी. ‘डिअर सर’ने आरंभ केला, तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. नावाने केला, तर ‘युअर्स सिन्सिअरली’. हे त्यांचे सोवळेओवळे कडक असे.

एकदा शेजारच्या काकू त्यांच्याकडे आल्या. यजमान जाऊन आठ महिने झाले, तरी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम मिळेना. कोणाकडून तरी पैसे मोजून लिहून घेतलेला दोन पानी अर्ज त्यांच्या हातात होता. त्यात विनवण्या होत्या, दुःखाचे वर्णन होते, साहेबांच्या मुलाबाळांना आशीर्वादही होते.

हेडक्लार्क म्हणाले, “वहिनी, यात व्याकरणाची चूक एकही नाही. पण खाते नंबरही नाही.”

त्यांनी कोरा कागद घेतला. यजमानांचे नाव, खाते नंबर, मृत्यूची तारीख, सोबत जोडलेला दाखला, आणि शेवटी एकच वाक्य : ही रक्कम मला पाठवावी.

“भाऊजी, फार उद्धट नाही ना वाटणार?”

“भीक मागताय का? तुमचेच पैसे आहेत.”

महिन्याभरात चेक आला.

साध्या लिहिण्याचा हा धडा खुद्द इंग्रजांनाही गिरवावा लागला होता. सरकारी नोकरांची भाषा सोपी व्हावी, म्हणून अर्नेस्ट गॉवर्स यांनी तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून १९४८ साली ‘प्लेन वर्ड्‌स’ हे पुस्तक लिहिले.

आज संगणक चुकलेल्या स्पेलिंगाखाली तांबडी रेघ ओढतो. सांगितले तर अख्खे पत्रही लिहून देतो. सोय मोठी आहे, तिला नावे ठेवू नयेत. परंतु आपल्याला नेमके काय पाहिजे, ते त्यालाही आपणच सांगावे लागते. एवढे ज्याला मराठीत धडपणे सांगता येते, त्याचे निम्मे इंग्रजी झालेच म्हणून समजावे. उरलेल्या निम्म्यासाठी शेजारी आहे, पुस्तक आहे, यंत्र आहे.