दाईमा गेली, मातृयान आलं

सकाळची कॅनिंग लोकल जादवपूर, ढाकुरिया, बालीगंज घेत येते, तेव्हा कुठे दक्षिण कोलकात्यातल्या निम्म्या घरांत चुली पेटतात. सुंदरबनच्या बाजूने धुण्याभांड्याला येणाऱ्या या बायका म्हणजे आमच्या मासी. आमच्या मासीचं माहेर-सासर दोन्ही गोसाब्याकडचं. बाळंतपणाचा विषय निघाला की तिला धरबंध राहत नाही.

तिची सगळी मुलं दाईमाच्या, म्हणजे गावच्या सुईणीच्या, हातची. अंगणात बाळंतिणीसाठी वेगळं झोपडं, त्याला म्हणायचं आँतुडघर. दाराशी मातीच्या भांड्यात रात्रंदिवस विस्तव. दाईमा सहाव्या दिवसाच्या षष्ठीपूजेपर्यंत हलायची नाही. सकाळ-संध्याकाळ मोहरीच्या तेलाने बाळ-बाळंतिणीला रगडायची, शेकायची. ऐकताना मला साताऱ्याची आजी आठवे. तीच सुईण, तीच बाजेखालची शेगडी, ओव्याची धुरी, पाचवीला सटवाई. मोहरीच्या जागी खोबरेल, एवढाच काय तो फरक.

पण हे सगळं गोड करून सांगायची सोय मासी ठेवत नाही. नाळ कापायची बांबूच्या चोयट्याने. आठवड्याभरात एखादं पोर ताठ व्हायचं, दातखीळ बसायची, आणि गाव म्हणायचं, पेंचोने धरलं. तो धनुर्वात होता हे कळेपर्यंत मासीचं दुसरं पोर गेलेलं होतं. रक्तस्राव थांबेना तर कॅनिंगची लाँच गाठायची. तीही मातला नदीला पाणी असेल तर. ओहोटीत नाव चिखलात रुतली की भरती येईपर्यंत बाई तशीच कण्हत पडलेली.

बाळंतपणातलं हेच दुःख घेऊन याच कोलकात्याहून एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेच्या बोटीत बसल्या. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत दगावलं होतं. निघण्याआधी फेब्रुवारीत त्यांनी श्रीरामपूरला, मी अमेरिकेला का जाते, यावर जाहीर भाषण केलं. पुढे प्रबंध लिहिला तोही हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. कोलकात्यातल्या महाराष्ट्र निवासात आम्ही मराठी मंडळी हा अभिमान मिरवतो. इथल्याच लेडी डफरिन इस्पितळात डॉक्टर कादंबिनी गांगुली रुजू झाल्या त्यालाही सव्वाशेच्या वर वर्षं झाली. मात्र शहरातली डॉक्टरीणबाई आणि गोसाब्याचं आँतुडघर यांच्यामध्ये नद्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. मागोमाग आशा दिदी आल्या, लोहाच्या गोळ्या आल्या, 102 ला फोन केला की बाळंतिणीला न्यायला मातृयानाची गाडी येऊ लागली. पश्चिम बंगालमध्ये 2005-06 ला शंभरातली बेचाळीस बाळंतपणं दवाखान्यात व्हायची, 2019-21 पर्यंत ती जवळजवळ ब्याण्णव झाली. लहान वयातली लग्नं मात्र तेवढी हटली नाहीत; दहातल्या चार मुली तेव्हाही अठराच्या आत सासरी जात होत्या. मातृयानही नदी ओलांडत नाही. बेटावरच्या बाईला आधी व्हॅनरिक्षा, मग नाव, मग गदखालीच्या घाटावर गाडी. म्हणून आता दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच आणून ठेवायच्या 'वेटिंग हट' निघाल्या आहेत. सरकारला उशिरा सुचलं, पण नेमकं सुचलं.

मासीची नातसून अशीच सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. आई-बाळ सुखरूप. मासीला आत सोडलं नाही. ती मुडीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, पुडी घेऊन आवारात झाडाखाली बसून राहिली. पोरीला लवकर घरी धाडलं. घरी कोण? नातू केरळात गवंडीकामावर, सासू कोलकात्यात घरकामाला. दाईमा कधीच वारली. तिची सून तेल लावण्यात तिच्या वरताण, पण तीही आता कोलकात्याच्या एका आया सेंटरमध्ये नाव नोंदवून आहे.

गेल्या वर्षी आमच्या लेकीचं बाळंतपण झालं, तेव्हा मासीनेच दाईमाच्या या सुनेला आमच्याकडे आणलं. बारा तासांची पाळी, तेल आमचं, जेवण वेगळं. लेकीचं अंग काय हलकं झालं म्हणून सांगू! सेंटरचा दर ऐकून मासी म्हणाली, "बौदी, एवढ्यात तर आमच्याकडे आठवड्याचा तांदूळ येतो." नातसुनेला तेल लावायला तिने स्वतः चार दिवसांची रजा मागून घेतली.